हेल्मेट कॅमेरा आणि वेग: पडद्यावरचा वेग येतो कुठून?

घाटमाथा

हेल्मेटला कॅमेरा लावून वेगात चालवलेल्या बाइकचं चित्रीकरण कसं करायचं, हे इथे वेगवेगळ्या धाग्यांवर सारखं विचारलं जातं. म्हणून हा स्वतंत्र धागा. मी व्हिडिओ एडिटिंगवर पोट भरतो आणि बाइक चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजू रोजच्या कामात दिसतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पडद्यावर दिसणारा वेग आणि काट्यावरचा वेग यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप कमी आहे. रुंद, मोकळ्या सहापदरी रस्त्यावर १४० ने काढलेला व्हिडिओ कंटाळवाणा दिसतो. ताम्हिणीत दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर आलेली असताना पन्नासने काढलेला व्हिडिओ बघताना बघणारा खुर्चीत ताठ होतो. डोळ्याला वेग कळतो तो जवळच्या वस्तू किती झपाट्याने मागे जातात त्यावरून. कठडा, मैलाचे दगड, झाडांच्या बुंध्यावरचे पांढरे पट्टे, रस्त्याची कड. या गोष्टी चौकटीत नसतील तर काटा काहीही दाखवो, चित्र जागच्या जागी उभं राहतं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. जमीन जितकी जवळ तितका वेग जास्त भासतो. हेल्मेटच्या टाळूवर लावलेला कॅमेरा सगळ्यात उंच, म्हणून वेगासाठी सगळ्यात वाईट. हनुवटीवर लावला की टाकी, हँडल, क्लचवरची बोटं चौकटीत येतात आणि बघणाऱ्याला आपण स्वतः बसलोय असं वाटतं. इंजिनगार्डवर, गुडघ्याखाली लावला तर चाळीसचा वेगही अंगावर येतो.

तिसरी गोष्ट शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश आत घेतो ते, आणि ही बहुतेकांकडून सुटते. १२० चा वेग म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तुम्ही सेकंदाला ३० फ्रेमवर चित्रीकरण करताय आणि शटर १/६० सेकंद आहे, तर एका फ्रेमचं शटर उघडं असताना बाइक सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे जाते. तेवढा रस्ता पुसट होतो, आणि त्या पुसटपणालाच आपला डोळा वेग समजतो. भर दुपारी कॅमेरा ऑटोवर सोडला तर शटर १/२००० पर्यंत जातं. मग एका फ्रेममध्ये बाइक जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते. प्रत्येक खडा स्वच्छ दिसतो आणि वेग गायब होतो. यावर उपाय म्हणजे एनडी फिल्टर, लेन्ससमोरची काळी काच. उन्हात एनडी १६ किंवा ३२ लावा, शटर १/६० ला बांधून टाका आणि फरक स्वतः बघा. अट एकच: शटर मंद झालं की कॅमेऱ्याच्या आतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राचे हिसके काढून टाकणारी सोय, थोडं अडखळतं, थरथर पुसट होऊन चित्रात बसते. म्हणून माउंट, म्हणजे कॅमेरा बसवायचा जोड, घट्ट हवा.

स्टॅबिलायझेशनबद्दलही एक सांगतो. ते शेवटच्या पायरीवर ठेवलं की चित्र लोण्यासारखं होतं आणि वेगाची निम्मी जाणीव जाते, कारण अंगाला बसणारे बारीक हिसकेच निघून जातात. मधल्या पायरीवर ठेवा. घाटात क्षितिज सरळ ठेवणारा पर्याय हनुवटीच्या कॅमेऱ्याला लागतच नाही. वळणात चालवणारा आपोआप डोकं सरळ ठेवतो, त्यामुळे क्षितिज सरळ राहतं आणि खाली बाइक झुकताना दिसते.

आणि चौथी, सगळ्यात गंभीर. वाइड लेन्स चौकटीच्या कडा ताणते आणि मधला भाग लहान करते. कडेची झाडं सुसाट जातात, पण समोरचा ट्रक होता त्यापेक्षा लांब दिसतो. म्हणजे हाच व्हिडिओ वेग वाढवून दाखवतो आणि धोका कमी करून दाखवतो. बघणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला वाटतं की दोन ट्रकांच्या मधून निघायला भरपूर जागा होती. ती नव्हती. लेन्सने दाखवली. माझा सगळा जीव या मुद्द्यात अडकलाय.

मे २०२३ मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर एक तरुण यूट्यूबर ३०० चा आकडा गाठण्याच्या प्रयत्नात गेला. त्यानंतर काही दिवस सगळे बोलले आणि मग थांबले. मला वाटतं हे बोलणं तांत्रिक बाजूनेही व्हायला हवं. ज्या परिणामासाठी पोरं जीव पणाला लावतात तो परिणाम कायदेशीर वेगात मिळतो. उत्तम मिळतो.

एकसिलिंडर

दादा, शटरचं वाचून डोकं उघडलं. मी ऑटोवरच ठेवत होतो.

पण एक विचारू का? लोक बघतात तो आकडा. माझ्याकडे केटीएमची ३९० ड्यूक बाइक आहे. घाटातले सुंदर व्हिडिओ टाकले तर मित्र बघतात. थंबनेलवर १६० लिहिलं की अनोळखी लोक येतात. तुम्ही म्हणता तसा वेग दिसतो हे मान्य, पण आकड्याचं काय? जीपीएसचा वेग व्हिडिओवर टाकता येतो, लोक तोच मागतात.

घाटमाथा

प्रश्न रास्त आहे. आकडा विकला जातो, हे मी माझ्या कामातही बघतो. तर आकड्याचंच बोलू.

८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही आलं हे कळून बोट ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धर. कोरड्या चांगल्या डांबरावर, चांगल्या टायरवर, सराव असलेल्या माणसाने ब्रेक मारला तरी थांबायला एकूण ५३-५४ मीटर लागतात. १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. त्याच हिशोबाने थांबायला २०० मीटरच्या वर. वेग सव्वादोन पट, अंतर जवळजवळ चौपट, आणि धडकेतली ऊर्जा पाचपट. आपल्या हायवेवर दुभाजक फोडून केलेली वाट कुठे येईल, उलट्या दिशेने ट्रॅक्टर कधी येईल, हे २०० मीटर आधी कुणाला दिसतं?

तुझ्या गाडीचा आवाज हा तुझा खरा ठेवा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये ती साठला जशी ओरडते तशी सहाव्यात शंभरलाही ओरडत नाही. घाटातल्या चढावर गिअर खाली ठेव, आरपीएम वर ठेव आणि माइक वाऱ्यापासून लपव. आकड्याविना व्हिडिओ कसा उभा राहतो ते बघशील.

जुना_फोरमन

आकड्याचा विषय निघालाच आहे तर एक भर. काट्यावरचा आकडा खरा नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत, नियम ३९ मध्ये, स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवला तर दहा टक्के अधिक ४ किमी एवढी मुभा, असं आहे. म्हणून कंपन्या मुद्दाम थोडा चढवूनच ठेवतात. काट्यावर १६० बघून खूश होणारी बरीच मंडळी प्रत्यक्षात दीडशेच्या खाली असतात. मागचा टायर वेगळ्या मापाचा टाकला की अजून घोळ. चेन स्प्रॉकेट बदललं आणि गाडी वेग गिअरबॉक्सवरून मोजत असेल तर विचारायलाच नको.

जीपीएसचा वेग स्थिर वेगात बराच विश्वासू. पण गोप्रोच्या हिरो १२ मध्ये जीपीएस काढून टाकलं होतं, १३ मध्ये परत आलं. घेताना बघून घ्या, नाहीतर फोनवरून वेगळा डेटा जुळवत बसावं लागतं.

मर्सीकाठ

मी लिव्हरपूलजवळ राहते. इथून बोटीने आयल ऑफ मॅन या बेटावर जाता येतं, तिथल्या टीटी या मोटरसायकल शर्यतीच्या काळात आम्ही जातो. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

टीटी १९०७ पासून चालू आहे आणि डोंगरावरच्या सध्याच्या मार्गावर १९११ पासून. एक फेरी ६०.७ किलोमीटरची, गावांच्या गल्ल्यांतून, दगडी कुंपणांच्या मधून. २०२३ मध्ये पीटर हिकमनने एक फेरी ताशी १३६.३५८ मैल सरासरीने पूर्ण केली. सरासरी. म्हणजे ताशी २१९ किलोमीटरहून जास्त. गाडीवरच्या कॅमेऱ्यातून घेतलेले जगातले सगळ्यात थरारक व्हिडिओ इथले आहेत. ते बघितले की घाटमाथा यांचा मुद्दा पटतो: रस्ता अरुंद, कुंपणं हाताच्या अंतरावर, म्हणूनच तो वेग पडद्यावर कळतो. हीच गाडी रुंद सर्किटवर त्याच वेगात निम्मीसुद्धा भीतिदायक दिसत नाही.

पण त्या व्हिडिओंमागे काय असतं ते चौकटीत येत नाही. शर्यतीच्या वेळी रस्ते कायद्याने बंद केलेले असतात. ठिकठिकाणी झेंडे घेतलेले मार्शल, हेलिकॉप्टर, डॉक्टर. स्वार वर्षानुवर्षं तोच रस्ता पाठ करतात, कुठल्या दाराजवळ डांबराला उंचवटा आहे इथपर्यंत. आणि एवढं करूनही या मार्गावर अडीचशेच्या वर माणसं गेली आहेत.

ब्रे हिलच्या उतारावर कुंपणामागे उभं राहिलं की गाडी दिसण्याआधी पायाखालची जमीन कापते. मग हवेचा धक्का छातीवर बसतो, आणि गाडी गेलेली असते. चौकटीत यातलं काहीच येत नाही. हे व्हिडिओ पाहून आपल्याकडे कुणी खंबाटकीत तसं करायला जातं तेव्हा मला अक्षरशः पोटात खड्डा पडतो.

डॉ_कृष्णाकाठ

मी हाडांचा डॉक्टर आहे. माउंटबद्दल लिहितो.

हेल्मेटचं बाहेरचं कवच गुळगुळीत असतं ते दिसायला छान म्हणून नाही. पडल्यावर डोकं रस्त्यावर घसरत जावं, अडकू नये, यासाठी ते तसं असतं. अडकलं की डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदूला इजा त्या पिळामुळे होते. मानेचंही तेच. त्या कवचावर दीडशे ग्रॅमचा टणक ठोकळा स्क्रूने आवळून बसवला, तर तो नेमकं अडकण्याचंच काम करू शकतो. टाळूवर बसवला तर आणखी एक त्रास: हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ला जेवढा लागतो त्याच्या चौपट १६० ला. मागे बघायला मान वळवली की कॅमेरा डोक्यावर शिडासारखा वारा धरतो.

आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, मानक आयएस ४१५१. ती चाचणी हेल्मेट आहे तसं ठेवून होते, वर तुम्ही काय चिकटवाल ते धरून नाही. युरोपच्या हेल्मेटच्या नव्या मानकात, ईसीई २२.०६ मध्ये, निदान उत्पादकाने स्वतः दिलेल्या जोडण्यांसकट तपासणी आहे. ब्रिटनमधली मोटरसायकल शर्यतींची संस्था एसीयू हिने हेल्मेटवरचे कॅमेरे बंद केले ते याच काळजीतून. केरळच्या मोटार वाहन विभागानेही २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाई जाहीर केली होती.

कवचाला भोक पाडून माउंट बसवू नका, हे हात जोडून सांगतो. माझ्या ओपीडीत असं हेल्मेट घेऊन आलेला मुलगा मी पाहिला आहे. भोकापासून तडा गेला होता.

सह्यकन्या

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य करूनही मी हनुवटीवरचा कॅमेरा काढणार नाही. त्याचं कारण वेग नाही.

मी रोज चाकणला जाते-येते, संध्याकाळी उशीर होतो. कट मारून जाणारे, मुद्दाम शेजारी गाडी आणून शेरे मारणारे, हे रोजचं आहे. कॅमेरा दिसला की निम्मे गप्प बसतात. एकदा मागून धडक बसली तेव्हा चूक माझीच ठरवायची तयारी चालली होती. फुटेज दाखवल्यावर बोलणं बदललं. इथे चर्चा फक्त थरारवाल्यांची होतेय, पण माझ्यासारख्या पुष्कळ जणी हेल्मेट कॅमेरा ढालीसारखा वापरतात.

डॉ_कृष्णाकाठ

ताई, तुमचं कारण वजनदार आहे आणि मी ते नाकारत नाही. मग एवढं करा. हनुवटीवर चिकटपट्टीचा माउंट घ्या, पट्ट्याने आवळलेला किंवा स्क्रूचा नको. जोराचा आघात झाला तर तो सुटून यायला हवा. कॅमेरा जितका कवचाला लागून, तितकं बरं. आणि रोजच्या पुराव्यासाठी हँडलजवळ बसणारा, पुढे-मागे दोन लेन्सचा बाइक डॅशकॅम मिळतो. मागून धडक देणारा हनुवटीच्या कॅमेऱ्यात येतच नाही, डॅशकॅममध्ये येतो.

सह्यकन्या

मागच्या लेन्सचा मुद्दा पटला. बघते.

घाटमाथा

चिकटपट्टीबद्दल भर: हनुवटीची जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पट्टी गरम करून दाबा आणि एक दिवस तशीच राहू द्या. चिकटवून तासाभरात निघालेल्यांचे कॅमेरे हायवेवर मिळतात. बारीक दोरी बांधायची तर ती तुटेल अशी कमजोर असू द्या.

वकील_रत्नागिरी

कायद्याचं थोडक्यात. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजित रस्त्यावर मोटरसायकलला कमाल ८०, शहरातल्या आणि इतर रस्त्यांवर ६०, आणि स्थानिक फलक कमी सांगत असेल तर तो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू, मुंबईचा सागरी किनारा मार्ग, इथे दुचाकीला मुळातच मनाई. तरीही तिथले व्हिडिओ लोक हौसेने टाकतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक चालवण्याचं आहे, पहिल्याच गुन्ह्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. कलम १८९ शर्यत आणि वेगाच्या चाचणीचं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्ष आणि १०,००० पर्यंत.  कलमात शर्यतीबरोबर 'वेगाची चाचणी' हेही शब्द आहेत, हे लक्षात ठेवा. त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहेच.

आता कॅमेऱ्याशी थेट संबंध. तुम्ही जीपीएसचा वेग, तारीख, रस्ता आणि स्वतःचा आवाज असलेला व्हिडिओ जाहीर टाकता तेव्हा पोलिसांचं अर्धं काम करून देता. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्रासह इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते. सह्यकन्या यांच्या बाजूने चालते तशीच तुमच्या विरुद्धही. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही हे फुटेज समोर येतं. आणि दुसऱ्यांच्या नंबरप्लेट, चेहरे झाकत जा.

एकसिलिंडर

सगळ्यांचं वाचलं. मर्सीकाठ ताईंचं दोनदा वाचलं. मग खरोखरचा वेग हवा असेल तर जायचं कुठे? सर्किटवर आपल्यासारख्यांना सोडतात का?

ट्रॅकवेडा

सोडतात, आणि वाटतं तितकं अवघड नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं सर्किट आहे, ३.७ किलोमीटरचं. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, २०२३ मध्ये मोटोजीपी ही जागतिक मोटरसायकल शर्यत झाली तेच. दक्षिणेतल्या दोन्ही ठिकाणी ट्रॅक डे, म्हणजे स्वतःची गाडी सर्किटवर चालवायचे दिवस, आणि शिकवणीचे वर्ग होतात. सरळ रेषेतलाच वेग हवा असेल तर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत, तशा संधीवर लक्ष ठेव. पुण्याहून चेन्नई हजार-बाराशे किलोमीटर आहे, गाडी ट्रान्सपोर्टने पाठव. लेदर सूट भाड्याने मिळतो का ते आयोजकांना आधी विचार. आरसे काढावे लागतात, दिव्यांवर टेप लावावी लागते.

पहिल्याच दिवशी तुला कळेल की वेग काट्यावर नसतो. चेन्नईला मुख्य सरळपट्टी संपते तिथे सी-वन नावाचं वेगवान उजवं वळण आहे. तिथे आधी सगळे नवे लोक घाबरून फार लवकर ब्रेक मारतात. शिकवणारा तुला चार फेऱ्या मागे घेऊन फिरतो, नजर कुठे ठेवायची ते हाताने दाखवतो. काट्याकडे बघायला वेळच नसतो. बरेच जण काट्यावर टेपच लावतात.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर तिथे हेल्मेटवर लावू देत नाहीत असंच धरून चाल. बाइकवर लावायचा तरी आधी परवानगी घे. तपासणीत माउंट हलवून बघतात, आणि ते योग्यच आहे, कारण सुटून ट्रॅकवर पडलेला कॅमेरा मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जातो.

घाटमाथा

ट्रॅकवेडा यांनी लिहिलं त्यावर चित्रीकरणाच्या बाजूने एक गोष्ट. ट्रॅकवर कॅमेरा पुढे लावण्यापेक्षा शेपटीवर, मागून पुढे बघणारा लावा. तुमची पाठ, झुकणारे खांदे आणि पुढचं वळण एकाच चौकटीत येतं. मोटोजीपीच्या प्रक्षेपणात बाइकवरचे जायरोस्कोपिक कॅमेरे क्षितिज सरळ ठेवतात म्हणून बाइक किती झोपते ते घरबसल्या कळतं. आपल्या साध्या कॅमेऱ्यातला क्षितिज सरळ ठेवणारा पर्याय इथे मात्र चालू करा. हेल्मेटवर तो लागत नाही असं वर म्हटलं, पण बाइकला जोडलेला कॅमेरा बाइकबरोबर कलतो, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

ध्वनिवेडी

आवाजाबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी साउंड रेकॉर्डिंग करते.

शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा गोंगाट शंभर डेसिबलच्या आसपास जातो. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक त्यात फक्त फरफर नोंदवतो. दोन वेगळे आवाज घ्या. बोलण्यासाठी छोटा माइक हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीमागे, ओठांच्या अगदी समोर नाही तर जरा बाजूला, स्पंजची टोपी घालून. इंजिनासाठी दुसरा रेकॉर्डर मागच्या सीटखाली किंवा टेल बॅगेत, फोममध्ये गुंडाळून, सायलेन्सरच्या बाजूला. एक्झॉस्टच्या धारेत ठेवू नका. गेन, म्हणजे माइकची आवाज पकडायची पातळी, बराच खाली ठेवा, कारण आरपीएम चढला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. सुरुवातीला गाडी उभी असताना एक टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये दोन्ही जुळवायला सोपं जातं.

आणि कानात इअरप्लग घाला. लांबच्या प्रवासात या गोंगाटाने ऐकू येणं कायमचं कमी होतं.

एकसिलिंडर

ध्वनिवेडी ताई, सीटखाली ठेवल्यावर थरथर नाही का येत? माझी गाडी एका सिलिंडरची, सहा हजारांच्या वर सगळंच झणझणतं. माझ्या व्हिडिओत तेव्हा चित्रही जेलीसारखं हलतं.

ध्वनिवेडी

येते. रेकॉर्डर थेट प्लॅस्टिकला टेकू देऊ नकोस, जाड फोमच्या दोन थरांमध्ये सैल ठेव. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरने काप.

घाटमाथा

चित्राच्या जेलीचं कारण असं की सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वरून खाली वाचतो, आणि तेवढ्यात थरथरीने कॅमेरा हललेला असतो. लांब हाताचा माउंट ही थरथर वाढवतो. हात जेवढा आखूड तेवढं बरं, आणि जोडाचे सगळे स्क्रू पान्याने आवळ, बोटांनी नाही. बाइकवर लावणार असशील तर मध्ये रबरचा डॅम्पर टाक. हनुवटीवर तुझी मान आणि गालाच्या गाद्या डॅम्परचंच काम करतात, त्यामुळे एका सिलिंडरच्या गाडीवर तिथे सगळ्यात स्वच्छ चित्र येतं. मेमरी कार्ड व्ही३० या वेगाच्या दर्जाचं किंवा वरचं घे, नाहीतर ४के ला मध्येच रेकॉर्डिंग थांबतं. निघण्याआधी सुरू कर आणि उतरल्यावर बंद कर. लाल दिवा लागलाय का हे बघायला चालत्या गाडीवर हात वर न्यायचा नाही.

पहिला व्हिडिओ ताम्हिणीचा काढ, सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. एनडी ८ पुरेल. कच्चं फुटेज मला पाठव, रंग मी करून देतो.